जुन्या ऑफिसवाल्यांचा आणि मैत्रिणींचा 'जुना रेट' बंद करायचाय, कसं सांगू?

मोकळे_केस
बरेच दिवस नुसती वाचतेय इथे, आज पहिल्यांदा धागा काढतेय, लांब झाला तर सांभाळून घ्या.

मी आधी ६ वर्षं एका ऑफिसात हिशेबाच्या कामाला होते. मग कोर्स केला, घरातल्याच एका खोलीत हेअर आणि नेल्स सुरू केलं, आता चार वर्षं झाली, भाड्याची जागा आहे, दोन खुर्च्या, एक बेसिन आणि एक मदतनीस मुलगी. सुरुवातीला हात बसायला डोकी हवी होती आणि ती डोकी जुन्या ऑफिसातल्या पोरींनी दिली हे मी विसरलेली नाही. तेव्हा त्यांना अर्ध्या रेटमध्ये करून द्यायचे कारण खरं सांगायचं तर कामही अर्ध्याच लायकीचं होतं. एकीच्या कपाळावरचे केस मी असे कापले होते की ती पंधरा दिवस हेअरबँड लावून ऑफिसला गेली बिचारी.

मग मी रेट दोनदा वाढवले, पण बाहेरच्यांना. ह्यांना सांगायची हिंमतच झाली नाही, त्यामुळे ह्यांचा रेट अजून पहिल्या वर्षाचाच चाललाय. काल वही काढून मोजल्या, ११ जणी निघाल्या, ऑफिसातल्या आणि त्यांच्यामुळे ओळख झालेल्या मैत्रिणी धरून.

मागच्या शनिवारचं सांगते. एक जण रूट टचअपला आली. तिच्या मुळांना ६० ग्रॅमच्या ट्यूबमधला साधारण अर्धा रंग पुरतो, तेवढाच कालवला, लावून होत आला तर बाईसाहेब आरशात बघत म्हणतात "अगं टोकं पण फिकी दिसतायत ना, ओढ की जरा खाली". केस खांद्याच्या खाली. उरलेली अर्धी ट्यूब गेली, वर दुसरी फोडली, त्यातलंही बाऊलमध्ये उरलं ते टाकून दिलं कारण एकदा डेव्हलपरमध्ये (रंग चढायला त्यात घालतात ते क्रीम) कालवलेला रंग ठेवून चालत नाही. आणि बिल कशाचं तर रूट टचअपचं, तेही जुन्या रेटने! हे चालू असताना एका नवीन बाईंचा फोन आला, शनिवार दुपार आहे का मोकळी. नाही म्हणावं लागलं. हातात ग्लोव्हज, ग्लोव्हजवर रंग, फोन मदतनीसने माझ्या कानाला धरलेला, आणि मी नाही म्हणतेय.

त्या दिवसापासून डोक्यात चक्र चालू आहे. मेसेज पण लिहून ठेवलाय, चौदा ओळींचा झालाय आणि त्यात चार वेळा सॉरी आहे. कोणी हे केलंय का? मैत्री न तुटता?

सरळसोट
चौदा ओळी?? अगं राजीनामा देतेयस का रेट वाढवतेयस

हिशोब_चोख
हिशेबाच्या कामाला होतीस म्हणतेस आणि स्वतःचा हिशेब केला नाहीस का कधी? राग मानू नकोस पण आधी ते कर, बाकीचं नंतर.

तुझा आजचा पूर्ण रेट १०० धर. त्यात रंग, डेव्हलपर, ग्लोव्हज, टॉवेल धुणं सगळं मिळून किती जातं, मग भाडं, वीज, मदतनीस ह्यांचा त्या दोन तासांचा वाटा किती, ते वजा कर. समज ६० गेले. उरले ४० ही तुझी कमाई. आता मैत्रिणीला ३० टक्के सूट दिली तर लोकांना वाटतं तीस टक्केच तर गेले. तसं नसतं ते. खर्चाचे ६० तर तिथेच बसलेत, ते कोणी कमी करत नाही, तीस जातात ते तुझ्या ४० मधून. हातात १० राहिले. म्हणजे एका पूर्ण रेटच्या गिऱ्हाइकाएवढं कमवायला अशा चार मैत्रिणींचे केस रंगवायचे. चार! खांदे कोणाचे दुखणार?

आणि तुझ्या केसमध्ये तर सूट ३० टक्के पण नाहीये, दोन दरवाढी खाल्ल्यात त्यांनी. बघ काय येतंय ते.

मोकळे_केस
@हिशोब_चोख, रात्री बसले होते. माझा खर्च १०० ला ५८ च्या आसपास येतोय आणि जुना रेट आजच्या १०० ला पडतो ५५. म्हणजे मी दर वेळी ३ माझ्याकडून घालून त्यांचे केस रंगवतेय. मला हसावं की रडावं कळेना.

आळशी_मांजर
घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या म्हणतात ते हेच 😄

पापणीवाली
मी लॅश एक्स्टेन्शनचं, म्हणजे पापण्यांना खोट्या पापण्या चिकटवायचं काम करते. माझ्याकडे वेगळाच प्रकार व्हायचा, लिहिते कारण तुलाही नेल्समध्ये येत असणार.

फुल सेटला मला दोन तास लागतात, कधी जास्त. इनफिल, म्हणजे पडलेल्यांच्या जागी नव्या लावणं, दोन ते तीन आठवड्यांनी करायचं असतं कारण आपल्या पापण्या गळत आणि नवीन येत असतात, त्यांच्याबरोबर लावलेल्या पण पडतात. मैत्रिणी यायच्या पाचव्या आठवड्याला, डोळ्यावर एकेका बाजूला मोजून सात-आठ उरलेल्या, त्या पण वाकड्यातिकड्या वाढलेल्या, आणि "इनफिलच करायचंय गं फक्त". अगं फक्त?? आधी त्या उरलेल्या काढा, स्वच्छ करा, मग सगळा सेट नव्याने लावा. काम फुल सेटचं, पैसे इनफिलचे आणि त्यावर मैत्रीची सूट. म्हणजे सुटीवर सूट. बाहेरचं गिऱ्हाईक असं करत नाही हो, त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं की तीन आठवडे उलटले आणि निम्म्याहून कमी राहिल्या तर नवीन सेट. मैत्रिणींना मी हे कधी सांगितलंच नव्हतं, ती चूक माझी.

तुझं टोकांना रंग ओढणं तेच आहे. नुसता रेट बदलून भागणार नाही, रूट टचअपमध्ये काय काय येतं आणि काय नाही हे पण त्याच वेळी सांगून टाक.

कंगवा
मला हे नेहमी खटकतं. सगळं पैशातच मोजायचं का? ज्या पोरींनी तुझ्या शिकाऊ हाताखाली डोकं दिलं, हेअरबँड लावून फिरल्या, त्यांना आता चार पैसे जास्त मिळतात म्हणून बाहेरच्यांसारखं वागवायचं? उद्या तुझं नाव मोठं होईल पण ती माणसं परत नाही मिळायची.

सरळसोट
@कंगवा चार वर्षं फेडलंय की तिने. एका हेअरबँडचं कर्ज आयुष्यभर असतं का

कंगवा
कर्ज नाही म्हणत मी, कृतज्ञता म्हणतेय. फरक आहे.

मोकळे_केस
कंगवा ताई, तुमचं बरोबर आहे, तेच तर गळ्यात अडकलंय. तसं नसतं तर हा धागाच काढला नसता.

जुनं_गिऱ्हाईक
मी खुर्चीच्या दुसऱ्या बाजूची बोलते. माझी शाळेपासूनची मैत्रीण पार्लर चालवते, मला वर्षानुवर्षं सूट द्यायची. सांगू का, मला ती सूट नकोशी झाली होती पण तिला कसं सांगायचं ते कळत नव्हतं.

एकतर ती मला नेहमी शेवटची वेळ द्यायची, दिवसभर उभी राहून तिचे पाय सुजलेले असायचे आणि मी कमी पैसे देणारी, कुठल्या तोंडाने म्हणणार की जरा नीट कर. एकदा हायलाइट्स इतके पिवळे आले होते, बाहेर असते तर तिथल्या तिथे टोनर (नको असलेली छटा मारायला लावतात तो) मारून घेतला असता. मी म्हणलं "छान झालंय" आणि घरी जाऊन आरशासमोर उभी राहिले. पुढच्या वेळी मी गुपचूप दुसरीकडे गेले आणि तिला सांगितलं की केस वाढवतेय. असं दोनदा झाल्यावर तिला कळलंच. भांडण नाही झालं पण काहीतरी झालं.

कमी पैसे देणाऱ्याला तक्रार करता येत नाही, हे कोणी लक्षात घेत नाही. तुझ्या ११ जणींमधल्या दोघी-तिघी तरी अशा असतील बघ.

तिरपी_बट
+१, माझी वहिनी माझे केस कापते, त्याबद्दल मी एवढंच बोलेन.

दुसरी_खुर्ची
मी मालकीण नाही, मदतनीस आहे, म्हणजे तुमच्या त्या फोन कानाला धरणाऱ्या मुलीसारखी. एक विचारू का, राग नका मानू. तिला पगार कसा आहे? नुसता महिन्याचा की बिलावर टक्के पण?

आमच्याकडे पगार कमी आणि बिलावर टक्के आहेत. मॅडमच्या मैत्रिणी आल्या की आम्ही एकमेकींकडे बघतो. हेअर वॉश तेवढाच, रंग धुवायला पाणी तेवढंच, उलट त्या गप्पा मारत दीड तास जास्त बसतात आणि बिल निम्मं म्हणून माझे टक्के पण निम्मे. टिप तर मैत्रिणी देतच नाहीत, त्यांना वाटतं घरचंच आहे. घरचं मॅडमचं असेल, माझं नाहीये ना.

मॅडमला हे मी कधीच बोलणार नाही. तुम्ही अनोळखी म्हणून लिहिलं.

मोकळे_केस
@दुसरी_खुर्ची, तुझं वाचून मी दोन दिवस इथे काही लिहिलंच नाही.

हो, बिलावर टक्के आहेत तिला. माझ्या डोक्यात हे कधी आलंच नाही, खरंच नाही आलं. मी समजत होते मी माझ्या खिशातून देतेय, माझी मैत्री, माझा तोटा, मी बघून घेईन. काल तिला विचारलं तर आधी "काही नाही ताई, चालतंय" म्हणाली. मग टॉवेलच्या घड्या करता करता, माझ्याकडे न बघता म्हणाली, शनिवारी तुमच्या ओळखीच्या तिघी असल्या की मी तो दिवस धरतच नाही.

आतापर्यंत माझा प्रश्न होता करू का नको. आता फक्त कसं एवढाच उरलाय.

हिशोब_चोख
दुसऱ्या खुर्चीला माझ्याकडून दंडवत. माझ्या ६०-४० च्या हिशेबात हे बसलंच नव्हतं.

आता अजून एक काम, @कंगवा ह्यांच्यासाठी पण. वहीत बघ ११ पैकी कोणी किती गिऱ्हाइकं पाठवली. लोक म्हणतात ना की त्या जाहिरात करतात म्हणून सूट. बघू तरी.

मोकळे_केस
बघितलं. नवीन आलेल्या प्रत्येकीला मी कोणी सांगितलं ते विचारून लिहिते, ती ऑफिसची सवय. ११ पैकी दोघींनी मिळून १४ जणी पाठवल्या. बाकी नऊ जणींनी शून्य. आणि त्या दोघींमधली एक तर अशी आहे की जी दर वेळी न मागता थोडे जास्त देऊन जाते.

ह्या दोघींचं काय करू? त्यांना चालू ठेवू का?

पापणीवाली
नको. दोघींना ठेवलंस की उरलेल्या नऊ जणींना महिन्याभरात कळेल, जुनं ऑफिस आहे ते, तिथे भिंतींना पण व्हॉट्सॲप आहे. त्यापेक्षा सगळ्यांसाठीच नियम कर की कोणी नवीन गिऱ्हाईक पाठवलं आणि ते खरंच आलं, तर पाठवणारीला पुढच्या वेळी एखादी छोटी सर्व्हिस तुझ्याकडून. बाहेरच्यांना पण तोच नियम. दोघींना आपोआप मिळेल, कोणाला बोलायला जागा नाही.

कंगवा
हे मला पटलं. पैसे नव्हे, काहीतरी परत देणं. मी पण हेच म्हणत होते, फक्त मला सांगता आलं नव्हतं.

सरळसोट
मेसेज टाक इथे, चौदा ओळींचा. कात्री मारू

मोकळे_केस
सगळा नाही टाकत, लाज वाटते. सुरुवात अशी आहे: "हाय डिअर, कशी आहेस, खूप विचार करून आणि खूप जड मनाने हा मेसेज करतेय, तुला माहितीच आहे की तुम्ही सगळ्या माझ्यासाठी किती स्पेशल आहात, पण हल्ली प्रॉडक्ट्सचे भाव आणि भाडं खूप वाढल्यामुळे माझा अगदी नाइलाज झाला आहे, प्लीज गैरसमज करून घेऊ नकोस..."

सरळसोट
अरे देवा. मला वाटलं कोणीतरी गेलं

हिशोब_चोख
भाडं आणि भावाचं अजिबात लिहू नकोस. कारण दिलंस की त्याच्यावर चर्चा सुरू होते. "अगं मग तो दुसरा ब्रँड वापर ना माझ्यासाठी", "मी वीकडेला येते मग तर चालेल ना". कारण दिलं म्हणजे दार किलकिलं ठेवलं. तारीख दे, नवीन रेट दे, आधी बुक केलेल्यांना जुना रेट लागेल हे सांग, संपलं.

जुनं_गिऱ्हाईक
आणि ग्रुपवर टाकू नकोस प्लीज. ग्रुपवर टाकलंस की एक जण रडका चेहरा टाकते, दुसरी "आता आम्ही परक्या" म्हणते, आणि जी मनापासून हो म्हणणार होती ती पण गप्प बसते. एकेकीला वेगळा पाठव. जवळची असेल तिला फोन.

आळशी_मांजर
हळूहळू वाढवलं तर? आता थोडं, सहा महिन्यांनी अजून थोडं?

पापणीवाली
मी तसंच केलं होतं. एकदा सांगायची भीती होती ती तीनदा सांगावी लागली, आणि तिसऱ्यांदा एकीने विचारलं "आता कितीवर थांबणार आहेस?" एकदाच सांग बाई.

मोकळे_केस
हे बघा आता. "पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून माझ्याकडे सगळ्यांना एकच रेट असेल. रेटकार्ड सोबत पाठवतेय, कशात काय येतं ते त्यात लिहिलंय. त्याआधीच्या तुझ्या ज्या अपॉइंटमेंट आहेत त्यांना जुनाच रेट. सुरुवातीला तू माझ्याकडे डोकं दिलंस ते मी विसरणार नाही."

शेवटचं वाक्य ठेवू का काढू?

सरळसोट
ठेव. बाकीच्यापेक्षा तेच खरं वाटतंय

कंगवा
ठेव गं.

तिरपी_बट
थोडं विषयांतर, पण ज्या दोघी-तिघी ह्याच धंद्यातल्या मैत्रिणी असतील त्यांचं वेगळं असतं. मी आणि माझ्या जुन्या पार्लरमधली एक, आम्ही एकमेकींचं करतो, ती माझा रंग, मी तिचे नेल्स. आधी आम्ही "तू माझं कर मी तुझं करते" असं मोघम ठेवलं होतं, मग हिशेब केला तर तिचे माझ्यावर साडेतीन तास आणि माझे तिच्यावर सव्वा. आता दोघी पूर्ण रेट लिहितो आणि वजाबाकी करतो, प्रॉडक्टचं ज्याचं त्याने भरायचं. एक वही तिच्याकडे, एक माझ्याकडे. मैत्री त्या वहीमुळे टिकलीय.

पापणीवाली
अजून एक राहिलं, रेटशी संबंध नाही पण आहे पण. मैत्रिणींची पॅच टेस्ट घेतेस का, म्हणजे आधी कातडीवर थोडा रंग लावून ॲलर्जी येते का बघायचं ते? ४८ तास आधीची? मी बघितलंय, बाहेरच्यांना आपण सक्तीने बोलावतो आणि ओळखीच्यांना "अगं तुला काय होतंय, नेहमीचीच तर आहेस". रंगाची ॲलर्जी वर्षानुवर्षं लावल्यावर अचानक पण येऊ शकते. सूट फक्त पैशात नसते, आपण काळजीत पण सूट देऊन बसतो.

मोकळे_केस
नाही घेत. मदतनीसला सांगून आत्ताच ११ नावांपुढे खूण करायला लावली.

(मधे बरेच दिवस गेले)

मोकळे_केस
अपडेट द्यायला आले. बऱ्याच जणींनी मेसेजमध्ये विचारलं.

सहा जणींचं "ओके", त्यातल्या एकीचा नुसता अंगठा, ज्याच्यावर मी अर्धा दिवस विचार केला की हा रागाचा अंगठा आहे का साधा. साधाच होता, तिने परवा अपॉइंटमेंट घेतली. दोघींनी वाचून उत्तरच दिलं नाही, निळ्या टिका दिसतायत. एकीने फोन करून चांगलं सुनावलं, तुझ्या पहिल्या पोस्टला लाइक कोणी केलं होतं आठवतंय का वगैरे. मी ऐकून घेतलं. कारण दिलं नाही, हिशोब_चोख, जीभ चावून गप्प बसले. एक सरळ म्हणाली मला परवडणार नाही, मी घराजवळ जाईन, पण भेटायला येत जाईन. तिच्या सरळपणाचं मला बरंच वाटलं.

आणि अकरावी, ऐका हं, अकरावी म्हणाली "म्हणजे मी आत्तापर्यंत पूर्ण रेट देत नव्हते?" तिला माहीतच नव्हतं! चार वर्षं मी हिच्यावर उपकार करतेय असं समजून आतल्या आत कुढत होते आणि हिला पत्ताच नाही.

हिशोब_चोख
😂😂 बिलावर आधी पूर्ण रेट लिहून खाली सूट वजा करून दाखवली नाहीस की असंच होतं

मोकळे_केस
बिलच करत नव्हते गं त्यांचं, तोंडी सांगायचे. आता सगळ्यांचं होतं.

शनिवारची एक जागा मोकळी झाली होती ती त्या दिवशी फोन केलेल्या बाईंना दिली. मीच नंबर शोधून केला फोन.

जिचे कपाळावरचे केस मी वाकडे कापले होते ती काल आली, नवीन रेटची पहिलीच. ब्लो ड्राय करून आरसा मागे धरला तर तिने मान इकडे वळवली, तिकडे वळवली, आणि म्हणाली "डावीकडे जास्त लाल दिसतंय का गं?" चार वर्षांत पहिल्यांदा. मी बघितलं, दिसत होतंच. मदतनीसने बेसिन चालू केलं, मी टोनर कालवायला घेतला.

जुनं_गिऱ्हाईक
नशीबवान आहे ती. जमलं तर मी माझ्या मैत्रिणीला हा धागा पाठवेन. नाही, नको, फोनच करते.

दुसरी_खुर्ची
ताई, पॅच टेस्ट झाली होती ना तिची?

मोकळे_केस
झाली होती गं, गुरुवारी येऊन गेली. तुझ्यासारखीच एक आहे माझ्याकडे, विचारल्याशिवाय ट्यूब हातात देत नाही.